काकणलय

उत्तरयंत्राला काम पुरेनासं झालं, त्याला आता तिसरं वर्ष लागलं होतं.

हे यंत्र पुण्याच्या प्रश्नशाळेत होतं. माणसाने आजवर लिहून ठेवलेलं सगळं शास्त्र त्याने वाचलं होतं, आणि त्याच्या जोरावर न सुटलेल्या प्रश्नाचं उत्तर काढायला त्याला फार तर पाच मिनिटं लागत. पहिली काही वर्षं नुसती चंगळ होती. शास्त्रज्ञ सकाळी प्रश्न विचारत आणि चहा गार व्हायच्या आत उत्तर हातात पडे. मग हळूहळू असं व्हायला लागलं, की कोणी काहीही विचारलं तरी यंत्र म्हणे, हे विचारून झालं आहे, अमुक क्रमांकाचं उत्तर पाहा. शब्द वेगळे असत, पण आत शिरलं की प्रश्न कुठल्या तरी जुन्या प्रश्नाचा चुलतभाऊ निघे. यंत्र धडधाकट होतं, विचारणाऱ्यांची डोकी आटली होती.

तेव्हा प्रश्नशाळेने प्रश्न मोजायची एक पट्टी काढली आणि तिला नाव दिलं नवखेपणा. यंत्राच्या पक्क्या ओळखीचा प्रश्न असेल तर शून्य, आजवर कोणीच त्या वाटेला गेलं नसेल तर शंभर. भल्याभल्या शास्त्रज्ञांचे प्रश्न दोन-तीनच्या वर सरकेनात. मग कोणाला तरी सुचलं, की शास्त्राच्या बाहेरच्या माणसांना विचारून बघावं. अशा रीतीने २०८१ सालच्या जानेवारीत एक प्रश्नगाडी सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागच्या बाजारात आली आणि नेमकी ईश्वरी रासनेच्या बांगड्यांच्या दुकानासमोर उभी राहिली.

बाजाराचा दिवस, आणि गाडीने दुकान झाकून टाकलेलं. ईश्वरी मनातून चांगलीच वैतागली. ती एक्कावन्न वर्षांची होती आणि पंधराव्या वर्षापासून याच गादीवर बसून बायकांच्या हातांत बांगड्या भरत होती. दहावीला तिला विज्ञानात शंभरात पंच्याण्णव गुण होते. पण त्याच वर्षी आईचा पाय मोडला, दुकान उघडं ठेवायला कोणीतरी हवं होतं आणि भाऊ धाकटा होता. दोन वर्षांनी भाऊ विज्ञान शाखेला गेला. ईश्वरीला कोणी अडवलं नव्हतं, रागावलंही नव्हतं. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही, एवढंच.

दिवसभर गाडीपुढे रांग होती. आपल्या प्रश्नाला किती मिळतात हे बघायला सगळा बाजार लोटला होता. कोणाला तीन मिळाले, कोणाला सहा. हायस्कूलच्या हेडमास्तरांना एक मिळाला, आणि यंत्र बिघडलंय असं सांगत ते घरी गेले. ऊन कलल्यावर गाडीबरोबर आलेली शास्त्रज्ञ बाई दुकानात आली आणि गाडी आडवी लावल्याबद्दल तिने माफी मागितली. डॉ. तनिष्का बनसोडे तिचं नाव, वय चौतीसच्या आसपास. आलेच आहे तर डझनभर बांगड्या भरा, म्हणाली.

ईश्वरीने तिचा हात हातात घेतला, चोळून मऊ केला, अंगठा तळव्यात दुमडून पाहिला. "आज तुम्हाला दोन-सहाचं माप लागेल," ती म्हणाली. "आठवडाभर आधी आला असतात तर दोन-चार गेली असती."

हे गिऱ्हाइकाला खूश करायचं बोलणं असेल असं समजून तनिष्का हसली. आठवडाभरात हाताचं माप कसं बदलेल, असं तिने विचारलं. ईश्वरीने तिला सरळ सांगितलं, की सगळ्याच बायकांचं बदलतं. पाळीच्या हिशेबाने अंगठ्याखालचा सांधा महिन्यातून एकदा सैल पडतो आणि पुन्हा घट्ट होतो. ज्यांना लहान मापाची हौस असते त्यांना ती ठरावीक दिवशीच बोलावते. आईने शिकवलं होतं, आईला आजीने.

तनिष्काचं हसू थांबलं. यातलं तुम्हाला न उलगडलेलं असं काही आहे का, असं तिने विचारलं. छत्तीस वर्षांत ईश्वरीला हे कोणी विचारलं नव्हतं. बांगडी तिने तशीच बोटांवर ठेवली.

"काही बायकांचा हात बदलायचा थांबतो," ती म्हणाली. "पाळी चालू असते, पोरं लहान असतात, अंगात ताकद असते. पण हात महिनाभर एकसारखा. मी तो धरला की मला कसंतरी होतं. अशा एकवीस जणी मी पाहिल्या. दोन-तीन वर्षांत त्यातल्या सतरा जणींना छातीचं दुखणं निघालं, आणि डॉक्टर त्यांना आधी पित्ताच्या गोळ्या देत होते. हाताला इतकं आधी कसं कळतं?"

तनिष्का बांगड्या अर्ध्या टाकून गाडीत गेली. पट्टीवर आकडा आला सत्त्याण्णव. तिने प्रश्न तीनदा पुन्हा टाकून पाहिला. तिन्ही वेळा सत्त्याण्णवच. आणि मग जे यंत्र पाच मिनिटांच्या वर कधी थांबलं नव्हतं, ते नऊ दिवस गप्प बसलं.

दहाव्या दिवशी उत्तर आलं, चाळीस पानांचं. तनिष्का ते घेऊन स्वतः वैरागला आली आणि दुकानाच्या गादीवर मांडी घालून तिने ते समजावून सांगितलं. बाईच्या शरीरात दर महिन्याला जी संप्रेरकं कमीजास्त होतात, ती सांध्यांचे बंध सैल करतात हे ठाऊक होतं. पण तीच संप्रेरकं हृदयाच्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांनाही लवचिक ठेवतात. त्या वाहिन्या संप्रेरकांचं ऐकेनाशा झाल्या की त्याच सुमाराला अंगठ्याचे बंधही ऐकेनासे होतात. छातीत दुखायला अजून दोन-तीन वर्षं असतात, तेव्हा हाताने सांगून टाकलेलं असतं. हाताच्या या महिन्याच्या चढउताराला तनिष्काने नाव दिलं होतं काकणलय.

एवढं सगळं वाचलेल्या यंत्राला हे आधी कसं दिसलं नाही, असं ईश्वरीने विचारलं. तनिष्काने खरं ते सांगितलं. यंत्राने लाखो तपासण्या वाचल्या होत्या, पण त्यातल्या बहुतेक पुरुषांच्या शरीरावर केलेल्या. बायकांचं शरीर महिन्यात बदलतं, त्याने आकडे बिघडतात, म्हणून पिढ्यान् पिढ्या बायकांना तपासण्यांतून वगळलं होतं. उत्तर नेमकं त्या बदलातच दडलेलं होतं.

पुढचं वर्ष आनंदाचं गेलं. मनगटात अडकवायचा एक मऊ पट्टा निघाला, तो महिनाभर घातला की काकणलय कागदावर उमटायची. वैरागमध्येच नऊ जणी सापडल्या. त्यांतली एक मयूरी पवार, पिठाची गिरणी चालवणारी, ईश्वरीच्या शेजारची. वेळेवर औषध मिळालं आणि नऊच्या नऊ जणी धडधाकट राहिल्या. संक्रांतीला मयूरीने गिरणी बंद ठेवून गल्लीतल्या सगळ्या बायकांना स्वतःच्या खर्चाने बांगड्या भरवल्या. त्या दिवशी दुकानात इतका गलका होता, की ईश्वरीचा नवरा अथर्वराव चहाचं पातेलं घेऊन दारातच अडकला आणि तिथूनच कप पुढे देत राहिला.

ईश्वरीचे प्रश्नही आता थांबेनात. खोक्यातली बांगडी वाजते त्यापेक्षा हातातली बांगडी गोड का वाजते, आणि आजाऱ्याच्या हातात ती वेगळी का वाजते? एक्याण्णव. सातव्या महिन्यात हिरवा चुडा भरताना आधी कुठला हात सुजलेला लागतो, ते बाळ कुठल्या कुशीला आहे त्यावर ठरतं का? चौऱ्याण्णव. यंत्र पुन्हा दिवसचे दिवस विचारात पडायला लागलं आणि प्रश्नशाळेत जान आली.

शेवटी प्रश्नशाळेने तिला पुण्याला बोलावून शाल दिली, कायमची प्रश्नकर्ती म्हणून नेमायचं ठरवलं आणि तुम्हाला काय हवं ते मागा, असं म्हटलं. ईश्वरीने पिशवीतून ती चाळीस पानं काढली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला वाचता येत नाही, ती म्हणाली. पहिल्या पानाच्या तिसऱ्या ओळीतच अडकायला होतं. तेव्हा मला अकरावीपासून विज्ञान शिकायचं आहे, बार्शीच्या कॉलेजात नाव घालून द्या.

टाळ्या वाजल्या, पण तनिष्काचा चेहरा उतरला. समारंभ संपल्यावर ती ईश्वरीला बागेतल्या बाकावर घेऊन गेली आणि नेमणुकीचा कागद तिच्यापुढे ठेवला. त्यातलं सातवं कलम असं होतं, की प्रश्नकर्तीने कुठल्याही विज्ञान शाखेचं शिक्षण घेऊ नये.

"शिकलात की नवखेपणा जातो," तनिष्का म्हणाली. तिने आधीची उदाहरणं सांगितली. गुहागरच्या बाजूची एक मासे सुकवणारी बाई होती, तिचे प्रश्न त्र्याण्णवला जायचे. तिला कौतुकाने कॉलेजात घातलं आणि वर्षभरात ती आठवर आली. शिकलेला माणूस नकळत शिकवणाऱ्यांच्या वाटेने विचार करू लागतो, आणि त्या सगळ्या वाटा यंत्राला पाठ आहेत.

"म्हणजे मी मागे राहिले तर तुमचं शास्त्र पुढे जाणार."

"तसं कोणी म्हणत नाही."

"इथं लिहिलंय की."

"हो," तनिष्का म्हणाली. "लिहिलंय." प्रश्नशाळेत एक्केचाळीस शास्त्रज्ञ होते आणि त्यांत बायका तीन. "माझा प्रश्न कधी दोनच्या वर गेला नाही, मावशी. त्यांच्यासारखा विचार करायला शिकले म्हणून मी इथे टिकले. तुमचं तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आणि तसं वाटतं याचीच लाज वाटते."

ईश्वरीने दोन दिवस मागून घेतले. घरी आल्यावर तिला त्या सतरा जणी आठवत राहिल्या. त्यांची नावं, त्यांची मापं, कोणाला कुठला रंग आवडायचा ते सगळं. आपले प्रश्न आटले आणि त्यामुळे एखाद्या अठरावीचं दुखणं वेळेत कळलं नाही तर? उलट मनात हेही येई, की आपण विचारायचं, उत्तर मात्र कोणीतरी गादीवर येऊन समजावून सांगायचं, असं किती दिवस? तिने हे सगळं अथर्वरावांना सांगितलं. ते पंप दुरुस्त करत होते. हातातला पाना खाली न ठेवता त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुला ते उत्तर वाचायचंय की नाही, एवढं सांग."

तिने कागदावर सही केली नाही.

जूनमध्ये ईश्वरी बार्शीच्या कॉलेजात अकरावीच्या वर्गात शिरली, तेव्हा नव्या मॅडम आल्या असं समजून सगळा वर्ग उभा राहिला. पहिला महिना डोक्यावरून गेला. मग एक दिवस काच ही गोठलेल्या द्रवासारखी विस्कळीत असते, तिच्या आतल्या कणांना मिठासारखी रांग नसते, हे ऐकताना ती मोठ्याने हसली. आयुष्यभर लाखो वेळा हाताळलेली वस्तू आज पहिल्यांदा आतून दिसली होती. बरोबरीच्या पोरी तिला गणितं सोडवून दाखवत आणि ती मधल्या सुट्टीत त्यांच्या मनगटांवरून मापं सांगे. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. अथर्वराव भाकऱ्या करायला शिकले आणि पहिल्या वर्षाच्या शेवटी त्या गोलही व्हायला लागल्या.

नवखेपणा मात्र उतरत गेला. दर सहा महिन्यांनी तनिष्का गाडी घेऊन येई. अठ्ठावन्न, मग एकतीस, मग अकरा. अकराचा आकडा पाहून आपल्याला रडू येईल असं ईश्वरीला वाटलं होतं. पण त्या दिवशी ती चाळीस पानांतलं सव्विसावं पान वाचून उठली होती, आणि ते तिला कोणाच्या मदतीशिवाय कळलं होतं. तिने तनिष्कालाच चहा पाजला.

सत्ताविसाव्या पानावर ती थांबली. तिथे एक छोटं गृहीत होतं. दोन्ही हातांची लय सारखीच चालते असं धरून यंत्राने फक्त उजव्या हाताचा हिशेब केला होता, कारण जुन्या तपासण्यांत उजवाच हात मोजलेला होता. म्हणून पट्टाही उजव्या मनगटात घालत. पण ईश्वरीच्या बोटांना माहीत होतं, की कामाचा हात राठ होतो, त्याची लय दबून येते, आणि दुसरा हात दोन दिवस पुढे चालतो. दोन वर्षांपूर्वी तिने हे नुसतं सांगितलं असतं. आता तिने मोजलं. वर्गातल्या पोरींना घेऊन तिने तीन महिन्यांत साडेतीनशे बायकांचे दोन्ही हात मोजले, आलेख काढले, आणि तिला दिसलं की उजव्या हातावरचा पट्टा दर आठ आजारी बायकांतली एक चुकवतो आहे.

तिने ते स्वतःच्या अक्षरात अकरा पानांवर लिहून प्रश्नशाळेला पाठवलं. यंत्राने पाच मिनिटांत उत्तर दिलं. बरोबर आहे, दुरुस्ती केली. आणि पट्टीवर आकडा दिला चार, कारण चूक दुरुस्त करणं ही यंत्राच्या ओळखीची गोष्ट होती.

तनिष्का मात्र वैरागला येऊन दुकानात अक्षरशः नाचली. पट्टे देशभर हात बदलून बांधले जात होते. हात ओळखणारी आणि पुस्तक वाचणारी बाई एकच असली की काय होतं, याचा हा पुरावा आहे, सातवं कलम आता जाईलच, असं ती म्हणाली. तिने बैठकीत तसं मांडलंही. सगळ्यांनी ईश्वरीचं अभिनंदन केलं. मग भिंतीवर तिचा आलेख लावला गेला. सत्त्याण्णव, एक्याण्णव, चौऱ्याण्णव, आणि शिकायला लागल्यापासून अठ्ठावन्न, एकतीस, अकरा, चार. आकडे खरे होते आणि आकडे वाचायला सगळे शिकलेले होते. कलम राहिलं.

ईश्वरी बारावी पास झाली ते साल २०८४. निकाल लागला त्याच आठवड्यात मयूरीची मुलगी स्पृहा दुकानात आली. सोळावं लागलेलं, दहावीला गावात पहिली आलेली. ती आनंदात होती. चांगल्यातल्या बांगड्या भरा, मला सन्मान मिळालाय, म्हणाली आणि तिने एक जाड, सोनेरी कडांचं पत्र पुढे केलं. वर नवखेपणा सन्मान असं छापलं होतं. ज्ञानाला ज्यांची आजवर आठवण झाली नाही अशा स्त्रियांच्या नजरेचं त्यात फार सुंदर वर्णन होतं. गावातल्या हुशार मुलींनी ही नजर जपावी, दरवर्षी त्यांचा सत्कार होईल, मानधन मिळेल, तिशीनंतर त्यांना प्रश्नकर्ती म्हणून नेमण्यात येईल. शेजारी फोटो होता ईश्वरीचाच, गादीवर बसून बांगड्या भरतानाचा.

"करायचं काय म्हणे तू?" ईश्वरीने विचारलं.

"काहीच नाही, मावशी. फक्त सायन्सला जायचं नाही."

"आणि तुला काय करायचंय?"

स्पृहाने हात मागे घेतला. तिला हे कोणी विचारलं नव्हतं. गिरणीचं जातं गरम झालं की पिठाला वेगळा वास येतो, तो कशाचा, हे तिला लहानपणापासून शोधून काढायचं होतं. पण तो प्रश्न तिने गाडीवर सांगितला नव्हता. दुसऱ्याने त्याचं उत्तर आणून दिलं तर आपल्याला वाईट वाटेल, असं ती चाचरत म्हणाली.

ईश्वरी उठली आणि तिला घेऊन गिरणीत गेली. मयूरीने अजून पत्रावर सही केलेली नव्हती, पण करायचं ठरवलं होतं. ज्या शास्त्राने मला वाचवलं त्याचा शब्द कसा मोडू, असं तिचं म्हणणं. ईश्वरीने तिला पट्ट्याची गोष्ट सांगितली. पट्टा उजव्याच हातावर राहिला असता तर मयूरीसारख्या दर आठ जणींतली एक हातची गेली असती, आणि ते कुठल्याही प्रश्नाने उघड झालं नव्हतं. ते उत्तर वाचता आल्यामुळे उघड झालं होतं. मयूरीने गिरणी बंद केली. पत्राची घडी करून तिने ते डब्यावर ठेवलं आणि उद्या तूच हिला घेऊन जा, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दोघी सकाळच्या एसटीने बार्शीला निघाल्या. ईश्वरीला पदवीच्या पहिल्या वर्षाचा अर्ज भरायचा होता, स्पृहाला अकरावीचा. वाटेत पिठाच्या वासावर इतकी चर्चा झाली, की पुढच्या बाकावरचे एक आजोबा वळून त्यात सामील झाले आणि त्यांचा थांबा मागे राहिला. कॉलेजच्या फाटकाशी दोघींनी पेरू खाल्ले. ईश्वरीने पिना लावून स्पृहाची ओढणी नीट केली.

अर्जांची शेवटची तारीख होती, तरी विज्ञान शाखेच्या खिडकीत गर्दी नव्हती. कारकुनाने स्पृहाचा अर्ज घेतला, गुणपत्रक पाहून मान डोलावली आणि मुलींची नोंदवही काढली. तिचं पहिलं पान कोरं होतं. त्याने क्रमांक एक घातला आणि स्पृहाचं नाव लिहिलं. मग त्याने खिडकीतून जरा पुढे वाकून दोघींकडे पाहिलं. त्याच्या आवाजात काळजीच होती.

"तुमच्या गावाला ते सन्मानाचं पत्र आलं नाही का?" त्याने विचारलं.